पार्सलाच्या गाठी

४ मे

चि. बाळ यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोन असताना अक्का पत्र कसलं लिहीत बसली, असं तुला वाटणार. अरे, दुकानात फोन कानाला लावला की माप द्यायला आलेल्या बायका श्वास रोखून ऐकतात. घरून बोलावं तर हे वर्तमानपत्राआड बसलेले, आणि पान काही उलटत नाही. त्यापेक्षा पत्र बरं. चिकटवलं की तोंड बंद.

विषय अर्थातच बिट्टीच्या अ‍ॅडमिशनचा. गेल्या वर्षी तुमच्या शहरातल्या ड्रेस डिझाइनच्या कॉलेजच्या लेखी परीक्षेत तिचं थोडक्यात हुकलं आणि वर्षभर पोरीने घरी बसून तयारी केली. त्या वर्षात मला रस्त्याने चालणं नकोसं झालं होतं. जो भेटेल तो विचारणार, मुलगी सध्या काय करते, आणि मग चेहरा असा करणार जणू तिला काही दुखणंच झालंय. यंदा लेखी सुटली. आता राहिलं हातकाम आणि मुलाखत. हातकाम म्हणजे लहान मुलाचा कोट, अस्तरासकट, मशीन न लावता, उमेदवाराने स्वतः शिवलेला. यांनी मात्र निक्षून सांगितलंय की यंदा शेवटचं. नाही जमलं तर इथल्याच कॉलेजात गुपचूप नाव घालायचं आणि शिवणकाम आईच्या दुकानापुरतं ठेवायचं. त्या दिवसापासून बिट्टीच्या बोटातलं अंगुस्तान निघालेलं नाही. जेवतानासुद्धा.

कोट झकास झालाय. माझी लेक म्हणून नाही सांगत. डावखुरी पोर, कात्री धरायला शिकवताना माझे हाल झाले होते, पण कॉलर अशी बसवली आहे की माझीही मान ताठ झाली. मी फक्त इस्त्री केली, लोंबते धागे कापले, इकडे तिकडे जरा हात फिरवला. तेवढ्यात शाळेच्या गणवेशांची ऑर्डर घेऊन मुख्याध्यापिका आल्या, मग हातातलं तसंच ठेवून घाईघाईने बांधून टाकला.

कोट तुझ्या पत्त्यावर पाठवते आहे. थेट कॉलेजला पाठवला असता, पण माझा कोणावर विश्वास नाही. डॉक्टरीणबाईंची मुलगी त्याच कॉलेजसाठी बसली आहे. परवा बाई स्कर्टची चेन बदलायला आल्या. बाळ, ती चेन चांगली होती. मी स्वतः वरखाली करून बघितली. मग आल्या कशाला? सगळं लक्ष माझ्या कपाटाकडे. क्लासच्या सरांनाही कोट एकदा बघायचीच घाई झाली होती. ते त्या मुलीलाही शिकवतात, तेव्हा इकडचं तिकडे व्हायला कितीसा वेळ? मी कोट कुलपात ठेवला आणि किल्ली गळ्यात.

तर वहिनी त्याच कॉलेजच्या लायब्ररीत आहेत, त्यांनी कामाला जाताना पार्सल प्रवेशाच्या खिडकीवर द्यावं आणि पावती घ्यावी. वाटेत कोणी उघडू नये. आणि जमलं तर समितीत कोण कोण आहे, कोणाला काय आवडतं, एवढं कानावर घालावं. वशिला नको मला. नुसती माहिती मागते आहे.

आपला लोभ पक्क्या टाक्याचा आहे, तो सैल पडू देऊ नकोस.

तुझी,
अक्का


१२ मे

ती. स्व. अक्कास,

सा. न. वि. वि. पार्सल पोचलं. तुझ्या गाठी बघून हिने विचारलं की आत कोट आहे की कैदी. दुसऱ्या दिवशी ही खिडकीवर देऊन आली. पावती सोबत आहे, तीही कुलपात ठेवशील याची खात्री आहे.

समितीचं मात्र राहू दे. मी विषय काढला तेव्हा ही म्हणाली की नात्यातलं कोणी उमेदवार असेल तर कर्मचाऱ्यांना तसं कळवावं लागतं, आणि मग समितीच्या मजल्यावर पाऊलही टाकायचं नाही. तिने कळवून टाकलंय. आता तिने कोणाला काही विचारलं तर नुकसान बिट्टीचंच होईल. मला पटलं. तुलाही पटावं.

डॉक्टरीणबाईंचं मनावर घेऊ नकोस. या दिवसांत सगळ्याच आयांचं डोकं फिरलेलं असतं. परवा आमच्या चष्म्याच्या दुकानात एक बाई मुलाला घेऊन आल्या, परीक्षेच्या आधी डोळे तपासून घ्यायचे म्हणे. मुलगा खुर्चीवर, एका डोळ्यावर झाकण, आणि समोरच्या तक्त्यावरची अक्षरं आई वाचतेय! मी दोनदा सांगितलं की बाई, नंबर त्याचा काढायचाय. तर म्हणाल्या, तो लाजतो हो. शेवटी त्यांना बाहेर बसवलं. बाहेरूनही काचेला नाक लावून ओठ हलवत होत्या.

तू हसलीस ना? पण तूही काही कमी नाहीस. आठवतं, आपल्याकडे ते वकील आले होते, त्यांच्या बाहीची शिवण सुटली होती? चहाचा कप त्यांच्या हातात, आणि तू बाही धरून टाके घालतेयस. पाहुणे ना पिऊ शकत होते ना उठू शकत होते. आईसुद्धा तशीच होती. दुसऱ्याच्या अंगावरचा सुटलेला टाका बघितला की दोघींना घास गोड लागायचा नाही.

बिट्टीसाठी खिडकीजवळची खोली रिकामी केली आहे. तिथे माझ्या फ्रेमच्या पेट्या होत्या. हिनेच टेबल सरकवून घेतलं, डावीकडून उजेड आला की डावखुऱ्या माणसाच्या हाताची सावली कामावर पडते म्हणे. पुढची चार वर्षं घरात कोणीतरी माझ्या विनोदांना हसेल, या आशेवर मी आहे.

दूर असलीस तरी माझ्यावरची नजर अशीच प्रेमाची राहू दे.

तुझा,
बाळ


२० मे

चि. बाळ यास,

अ. उ. आ. पत्र मिळालं. हसले, नाही असं नाही. पण एक गोष्ट मनात खुपते आहे ती सांगून टाकते. मी विचारलं काय, आणि उत्तर आलं काय. नुसतं समितीत कोण आहे एवढं सांगायला कोणाची नोकरी जाते? वहिनींना नको असेल तर नको म्हणावं. नियमाचं पांघरूण कशाला? चार वर्षं नणंदेची पोर घरात ठेवायची म्हणजे सोपं नाही, मला कळतं. पण तसं असेल तर मोकळेपणी बोलावं.

बिट्टी तिकडे काय खाते, कधी झोपते, हे सगळं वहिनींच्या मर्जीवर असणार. म्हणून मी जास्त बोलत नाही. डॉक्टरीणबाई काल वाटेत म्हणाल्या की जागा सगळ्या आधीच ठरलेल्या असतात. हे त्यांना कोणी सांगितलं? आणि मला का सांगितलं? मी गप्प बसावं म्हणून?

पुढे, २२ मे. पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं. आज कॉलेजचं पत्र आलं. नीट वाच. बिट्टीने पाठवलेल्या कामात दुसऱ्या व्यक्तीचा हात दिसतो, तरी तिने दहा जूनला समितीपुढे येऊन खुलासा करावा. खुलासा समाधानकारक नसल्यास यंदाच्या प्रवेशासाठी तिचा विचार होणार नाही.

 पोरीने टाका टाका स्वतः घातलाय, मी समोर बसून बघितलंय. मशीनलासुद्धा हात लावू दिला नाही मी तिला. बिट्टीने पत्र वाचलं आणि अंगुस्तान काढून टेबलावर ठेवलं. हे तर लगेच म्हणाले, झालं, सोळा जूनपर्यंत इथल्या कॉलेजात नाव घालता येतं.

हे आपोआप झालेलं नाही. कोणीतरी कळ लावली आहे. मुलीची आई शिंपीकाम करते, कोट आईनेच शिवला असणार, असं कोणीतरी त्यांच्या कानात भरलं. डॉक्टरीणबाईंचा हात तिथवर पोचत नाही. सर गावातून हलत नाहीत. मग त्या कॉलेजात आपल्याला ओळखणारं कोण आहे? मी नाव घेत नाही. तू डोळ्यांचा माणूस, तुला दिसेल.

आणि हेही विचार, पार्सल घरात रात्रभर होतं तेव्हा कोणी उघडलं होतं का.

अक्का


२९ मे

ती. स्व. अक्कास,

सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून तीन दिवस खिशात ठेवलं. फाडून टाकावं असं वाटलं. पण तू जे पेरलंस ते उगवलं, म्हणून तुझ्यावर आणि स्वतःवर, दोघांवरही चिडून लिहितोय.

मी हिला विचारलं. ही भांडी पुसत होती. विचारायच्या आधी मला खात्री होती की ती हसेल. ती हसली नाही. म्हणाली, हो, उघडलं होतं. पार्सलाचा कोपरा फाटला होता आणि कागद ओलसर लागला, म्हणून कोट भिजला की काय ते बघायला उघडलं. कोरडा होता. घडी मोडू न देता परत ठेवला आणि तुझ्या गाठी जमतील तशा बांधल्या. मला सांगितलं नाही, कारण तू उघडू नका म्हणून लिहिलं होतंस आणि मी भित्रा आहे हे तिला माहीत आहे.

अक्का, तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण तुझा भाऊ ना मी. मी विचारलं, आणि कोणाशी काही बोललीस का? तिने फडकं खाली ठेवलं. मग म्हणाली की हा प्रश्न तुमच्या अक्कांचा आहे की तुमचा. 

त्या दिवसापासून घरात मीठ आणा, दार लावा, एवढंच बोलणं चालू आहे. आणि खरं सांगू? मीही तिच्यावर लक्ष ठेवतोय. ती फोनवर बोलली की मी वर्तमानपत्राचं पान उलटायचं थांबतो. तुझ्या यांना हसायचा हक्क आता मला राहिला नाही.

बिट्टीला पाठव. आठ तारखेला मी स्टँडवर असेन. आमच्या दोघांत काहीही असलं तरी तिची खोली तयार आहे.

कळावे.

बाळ


२ जून

चि. बाळ यास,

अ. उ. आ. उघडलं ना? मग झालं तर. मला कोणाच्या संसारात बिब्बा घालायचा नाही, पण चोराच्या मनात चांदणं असतं म्हणून तर सांगितलं नाही ना तुला? कोट बघायला घेतला, कुठे ओढला गेला, काही उसवलं, घाबरून दोन टाके घातले. असं झालं असेल, मुद्दाम केलं नसेलही. पण त्यात माझ्या पोरीचं वर्ष का जावं?

बिट्टीला मी स्वच्छ सांगितलंय. समितीपुढे उभं राहायचं आणि सांगायचं की पार्सल माझ्या मामीने उघडलं होतं, त्या इथेच लायब्ररीत आहेत, त्यांना बोलावून विचारा. खोटं काही नाही त्यात. वहिनींना त्रास होईल, मला माहीत आहे. कॉलेजात नोकरी करणाऱ्या बाईने नात्यातल्या उमेदवाराचं काम उघडावं हे त्यांच्या नियमात बसत नसणार. पण एकीची चूक आणि दुसरीला शिक्षा, हे मी चालू देणार नाही.

बिट्टी हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. बॅग भरतेय. तिला जेवायला वेळेवर घाल, ताण आला की ती जेवत नाही.

राग धरू नकोस. आई आहे मी.

अक्का


१० जून

ती. आईस,

शि. सा. न. वि. वि. मी पत्र लिहितेय कारण फोनवर तू मला मध्येच तोडशील आणि मग मी रडेन.

मुलाखत झाली. सगळं क्रमाने सांगते. सकाळी मामीने माझा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवला होता. मामा अंघोळीला गेला तेव्हा ती माझ्याजवळ बसली आणि म्हणाली की तिथे अडलीस तर माझं नाव सांग, पार्सल मी उघडलं होतं हे खरंच आहे, माझ्या नोकरीचं मी बघून घेईन. तिला माहीत नव्हतं की तू मला तेच सांगून पाठवलं आहेस. आई, मला तिथेच तोंड लपवावंसं वाटलं. मामी समोर होती म्हणून नाश्ता सगळा खाल्ला.

खोलीत लांब टेबल होतं आणि त्यावर सगळ्यांचे कोट ओळीने मांडलेले. तिघं जण होते. एक म्हातारे गृहस्थ, त्यांच्या बाहीला खडूची पूड होती. एक बाई, गळ्यात दोरीला चष्मा. तिसरे नुसते लिहीत होते. त्यांनी आधी साधं विचारलं, दोरा कुठला, अस्तर आधी लावलं की कॉलर. मला सगळं येत होतं. मग बाईंनी माझा कोट उलटा केला आणि खालची दुमड माझ्यासमोर धरली.

मी काय बघितलं ते तुला सांगायची गरज नाही, पण तरी सांगते. माझे टाके एका बाजूला कलतात, तुला माहीत आहे, तू लहानपणापासून त्याला उलटे म्हणतेस. दुमडीवर पाठीच्या शिवणीपर्यंत ते तसे होते. तिथून पुढे पार दुसऱ्या टोकाच्या जवळपर्यंत सगळे दुसरीकडे कललेले. बारीक, एकसारखे, आणि दर चार बोटांवर एक मागे घेतलेला टाका, दोरा तुटला तर सगळी दुमड सुटू नये म्हणून. तू आणि आजी सोडून असा टाका घालणारं माणूस मी बघितलेलं नाही. शेवटी थोडे माझे टाके राहिले होते. मुख्याध्यापिका आल्या ना तेव्हा? म्हणून राहिले.

बाईंनी विचारलं, हा हात कोणाचा. तुझं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मामीचं वाक्यही होतं. मी म्हणाले, आईचा.

मग त्यांनी विचारलं की आईला तू सांगितलं होतंस का. मी म्हणाले, नाही, मी आत्ता बघतेय. म्हाताऱ्या गृहस्थांचा विश्वास बसला नाही. त्यांनी विचारलं, तुला न सांगता आई असं कशाला करेल. मी सांगायचा प्रयत्न केला की आमच्या घरात त्याला काम करणं म्हणत नाहीत, केसात अडकलेली काडी काढावी तसं ते असतं.  मग मी कात्री मागितली आणि तुझे टाके उसवायला घेतले. कोणी अडवलं नाही. एकेक टाका जपून उसवला, कारण ते माझ्यापेक्षा चांगले होते. मग तिथेच बसून पुन्हा माझे घातले. बाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या.

झाल्यावर त्या म्हणाल्या की तू शिवतेस यात आता शंका नाही. पण आलेला कोट पूर्ण तुझा नव्हता, म्हणून यंदा धरता येणार नाही. लेखीचे गुण पुढच्या वर्षीपर्यंत चालतील, नवा कोट घेऊन ये. म्हणजे माझं नाव लागलेलं नाही, आई. डॉक्टरीणबाईंच्या मुलीचं लागलं, यादी तिथेच लावली होती. तिचा कोट मी बघितला, खरंच सुरेख होता. बाहेर बाकावर तिने मला तिची पाण्याची बाटली दिली आणि माझ्याशेजारी बसली.

मला तुझा फार राग आलाय. वाईट शिवला असता आणि नापास झाले असते तर मी गप्प बसले असते, कारण तो माझा कोट असता. तू कधी विचारलं नाहीस की मला ती दुमड कशी वाटते. मला आवडली होती ती. पहिल्यांदाच माझे टाके मला आवडले होते.

आणि मामीचं नाव तू कसं घेऊ शकलीस, तेही मला कळत नाही.

मी इतक्यात घरी येणार नाही. बाबांना काय सांगायचं ते तू ठरव. राग असला तरी मी तुझीच आहे, तेवढं धरून राहा.

बिट्टी


११ जून

ती. स्व. अक्कास,

सा. न. वि. वि. बिट्टीचं पत्र मीच पेटीत टाकलं, तेव्हा तुला सगळं कळलं असेल. कोट त्यांनी परत दिला. उसवलेल्या दोऱ्याचा एक तुकडा अस्तराला चिकटून राहिला होता. भिंग लावून बघितला आणि दुकानात बसून रडलो. आईची आठवण आली म्हणून की तुझा राग आला म्हणून, ते मला सांगता येणार नाही.

बायकोची माफी मागितली. तिने ऐकून घेतली आणि म्हणाली की तुम्ही अक्कांचे भाऊ आहात हे लग्नातच कळलं होतं. एवढ्यावर माझी सुटका झाली असं समजतोय.

तुझी सुटका मी करणार नाही. तुझ्या वहिनीला तूच लिही. मला मध्ये घालू नकोस, मी मध्ये पडलो की काय होतं ते दोघींनी बघितलंय.

बाळ


१९ जून

सौ. वहिनींना,

स. न. वि. वि. पाच कागद फाडून झाले. आयुष्यभर मापात कापणारी बाई मी, पण हे कुठून कापायचं ते कळेना. म्हणून सरळच लिहिते. माझं चुकलं. तुमच्यावर आळ घेतला, तुमच्या नवऱ्याच्या मनात विष कालवलं आणि तुमच्या नोकरीवर घाला घालायला माझ्याच पोरीला पढवून पाठवलं. आणि हे सगळं ज्या हाताने केलं होतं तो हात माझ्याच खांद्याला होता.

तुम्हाला खोटं वाटेल, पण मला आठवत नव्हतं. कोट बांधताना दुमड दिसली, टाके मला उलटे वाटले, सुई जवळच होती. डोक्याला विचारलंच नाही, हाताने परस्पर उसवून नवे घातले. कॉलेजचं पत्र आल्यावर मी डॉक्टरीणबाई, सर, तुम्ही, टपालवाला, सगळ्यांची झडती घेतली. स्वतःची घ्यावी असं एकदाही मनात आलं नाही. डॉक्टरीणबाईंच्या घरी पेढ्यासारखं गोड तोंड करून अभिनंदन करून आले. चांगली चेन का बदलून घेतली ते विचारलं. म्हणाल्या, तुमच्याकडे येऊन बसायला काहीतरी निमित्त हवं होतं, मुलीच्या काळजीने जीव जात होता आणि तुम्हालाच ते कळलं असतं.

यांना मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, उसळतील. वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणाले, मग कॉलेजात तुलाच घालायला हवं होतं. मग म्हणाले की एक वर्ष तू वाया घालवलंस, तर एका वर्षाचं देणंही तूच तिला लागतेस. इथल्या कॉलेजात नाव घातलं नाही.

आता ज्या तोंडाने तुमच्यावर आळ घेतला त्याच तोंडाने मागायचं आहे. बिट्टीला वर्षभर तुमच्याकडे राहायचं आहे. तिथे एका कपड्यांच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून घेतायत, आणि नवा कोट तिला तिथेच शिवायचाय. माझ्या हाताजवळ तिला राहायचं नाही. ऐकायला कडू लागलं, पण तिचं बरोबर आहे. तुम्ही नाही म्हणालात तर मला बोलायला जागा नाही.

तुमच्यासाठी एक कोट शिवून पाठवते आहे. माप घेतलेलं नाही, मागच्या भेटीत खांदे बघून ठेवले होते. सगळा पूर्ण आहे, फक्त खालची दुमड घातलेली नाही. नुसता कच्चा धावदोरा आहे. ती बिट्टीने घालायची, तिच्या हाताने, तिला हवी तशी. पार्सल बांधेपर्यंत माझा जीव नुसता खालीवर होत होता, पण हात लावला नाही. यांना समोर बसवलं होतं.

माझ्यावर लोभ करा असं लिहायला हात धजत नाही. पोरीवर असू द्या.

तुमची,
अक्का


२७ जून

ती. अक्कांना,

सा. न. वि. वि. तुमचं पत्र आणि पार्सल दोन्ही एकाच दिवशी पोचलं. पत्र मी दोनदा वाचलं. मला लागलं होतं, फार लागलं होतं, आणि ते एका पत्राने जाणार नाही. पण तुम्ही सरळ लिहिलंत, ते बरं वाटलं.

बिट्टीच्या राहण्याचं विचारलंत. मुलाखतीच्या दिवशी ती घरी आली तेव्हाच मी तिचे कपडे कपाटात लावले आणि बॅग माळ्यावर टाकली. ती आता तुमच्या भावालाही उतरवता येणार नाही. जेवते व्यवस्थित. अंगुस्तान पुन्हा बोटात आहे.

पार्सल टेबलावर आहे. कोपरा या वेळी फाटलेला नाही, कागद कोरडा आहे, म्हणून मी उघडलेलं नाही. आम्ही तिघं येता जाता त्याच्याकडे बघतो. बिट्टी सुईत दोरा ओवून बसली आहे. तुमच्या भावाला भिंग लावून गाठी बघायची फार हौस आली होती, त्यांना मी दुकानात पिटाळलं.

अक्का, तुम्ही या. तुमच्या गाठी तुम्हीच सोडा, माझ्यासमोर. मग मी कोट घालून टेबलावर उभी राहीन आणि बिट्टी खाली बसून दुमड घालेल. तोवर तुम्ही माझ्या शेजारी उभं राहायचं आणि तुमचे दोन्ही हात माझ्या हातात द्यायचे. ती म्हणेल झालं, तेव्हाच सोडीन.

वाट बघते. येताना सुई आणू नका.

तुमची,
वहिनी